चिडीचूप बसायचं की टॉयलेट पेपर फेकायचा?

छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉलला रिकाम्या बाकांची सवयच असते. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांत मात्र वर्षातून एकदा सामन्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

इंडियानातल्या टेलर विद्यापीठात डिसेंबरात, परीक्षेच्या तोंडावर ‘सायलेंट नाइट’ असते. चित्रविचित्र वेश करून सामना बघायला आलेली पोरं तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. बुटांची करकर आणि चेंडूची धपधप तेवढी ऐकू येते. घरच्या संघाचा 10वा गुण झाला, की छप्पर उडेल असा गलका! सामना संपत आला, की गळ्यात गळे घालून ‘सायलेंट नाइट’ हेच नाताळगीत.

आर्कान्सातल्या जॉन ब्राउन विद्यापीठात मोसमातल्या घरच्या पहिल्या सामन्यात पहिली बास्केट पडते आणि कोर्टवर टॉयलेट पेपरच्या रोलांचा पाऊस. दिसायला झकास. पण यजमानांना टेक्निकल फाउल (बेशिस्तीचा दंड), पाहुण्यांना फुकटचे फ्री थ्रो (कुणी न अडवता बास्केट टाकायची संधी), वर झाडलोट वेगळी. आणि मजा पहिल्याच बास्केटला संपते. उरलेला सामना कशाच्या ओढीने बघायचा?

माझं मत टेलरला. गप्प बसायला पैसे लागत नाहीत, आणि शेवटच्या गाण्यासाठी पोरं जागेवरून हलत नाहीत. फक्त हे दर आठवड्याला करू नका, तिसऱ्या खेपेला कुणी फिरकणार नाही.