सप्ताहाचं कीर्तन एडिट करायला कोणतं सॉफ्टवेअर? ऑडॅसिटी, आर्डर, शॉटकट, केडेनलाइव्ह

परभणी-बीडकडच्या गावात सप्ताह बसला की कीर्तन शूट करणारा एखादा पोरगा असतोच. मोबाइल स्टँडवर, आवाज मिक्सरमधून वेगळा घेतलेला आणि घरी चार जीबी रॅमचा लॅपटॉप. अशा पोरानं ओपन सोर्समधलं (ज्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो, त्यातलं) काय घ्यावं, एवढ्यापुरतंच हे.

आवाजासाठी फार डोकं लावायचं कारण नाही, ऑडॅसिटी घ्यावं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. 2021 मध्ये ते म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेलं तेव्हा वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून बरीच ओरड झाली होती, पण परवाना आजही जीपीएल हाच, म्हणजे ओपन सोर्सचाच आहे. कीर्तन सुरू व्हायच्या आधी नुसती जनरेटरची घरघर ऐकू येते, ते दोन-तीन सेकंद निवडून ‘नॉइज प्रोफाइल’ घ्यायचं आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगवर नॉइज रिडक्शन लावायचं. हात मात्र आखडता ठेवा. जास्त लावलं की टाळांची किणकिण मरते आणि महाराज पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखे वाटतात. थोडी घरघर राहिलेली परवडली.

आर्डर त्याहून ताकदीचं आहे, पण पखवाज, पेटी, टाळकरी आणि महाराज यांचे माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले असतील तरच त्याच्या वाटेला जावं. त्याचा सोर्स कोड मोफत आहे. तयार प्रोग्राम उतरवायला मात्र पैसे लागतात. लिनक्सवाल्यांना तो बहुतेक डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांच्या) सॉफ्टवेअर भांडारातून फुकट मिळतो.

खरी अडचण व्हिडिओची. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या दोन्ही व्हिडिओ एडिटरच्या पोटात एमएलटी हेच व्हिडिओ जोडणारं इंजिन आहे, त्यामुळे दोन्हींत निकालाचा दर्जा जवळपास सारखाच. फरक पडतो तो कामाच्या पद्धतीत. मोबाइल बऱ्याचदा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमी-जास्त करत शूट करतो. मग सुरुवातीला जुळवलेला आवाज तासाभरानं ओठांच्या मागे-पुढे सरकतो. अशी फाइल उघडली की शॉटकट स्वतःहून सांगतं आणि एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलून देतं. नवख्याला याचा मोठा आधार. शिवाय विंडोजसाठी इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्तीही मिळते.

केडेनलाइव्ह शिकायला वेळ लागतो, पण दोन-तीन कॅमेरे असतील तर तेच घ्यावं. मल्टिकॅमची, म्हणजे अनेक कॅमेऱ्यांचं शूट एकत्र जुळवून कापायची सोय चांगली आहे. व्हिस्पर हे बोलणं ऐकून लिहून देणारं मॉडेल जोडून सबटायटल्सही काढता येतात, मराठीतसुद्धा. अभंगाची जुनी मराठी हातानं दुरुस्त करावी लागेलच, आणि चार जीबीच्या लॅपटॉपवर तो नाद न केलेला बरा.

प्रॉक्सी दोघांतही आहे. ती चालू केली की जड व्हिडिओची हलकी प्रत वापरून एडिट होतं आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून निघतं. लॅपटॉप जुना असेल तर हे आधी चालू करा, बाकी नंतर.

ओपनशॉट सगळ्यात सोपं, वाढदिवसाच्या क्लिपला ठीक. दा विंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, पण ते ओपन सोर्स नाही. त्याला ग्राफिक्स कार्डही दणकट लागतं.

तर एक कॅमेरा असेल तर ऑडॅसिटी आणि शॉटकट. दुसरा कॅमेरा आला की केडेनलाइव्हकडे वळा. फक्त एकातला प्रोजेक्ट दुसऱ्यात जसाच्या तसा उघडत नाही, तेव्हा बदल करायचा तो काल्याचं कीर्तन अपलोड झाल्यावर.