एम.ए. इतिहास, दूरशिक्षणातून: मजकूर बरा, बांधणी भिकार

आधुनिक भारताचं पुस्तक फुटलं. गांधी-आयर्विन कराराच्या आधीची पानं एका हातात, नंतरची दुसऱ्या हातात आणि मधली काही स्कूटीच्या डिकीत. परीक्षा तोंडावर आहे. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, ते आता राग ताजा आहे तोवर लिहून टाकते.

चार सत्रं, ८० क्रेडिट, स्वाध्याय, लेखी परीक्षा वगैरे सगळं माहितीपत्रकात आहे, ते परत सांगत बसत नाही. विद्यापीठाचं आणि अभ्यासकेंद्राचं नावही लिहीत नाही, कारण तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे आणि मला तिथूनच मार्कशीट घ्यायची आहे. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. दिवसा कॉलेजला जाणं जमण्यासारखं नाही, म्हणून दूरशिक्षण. तिसरं सत्र संपत आलंय.

तर पुस्तकं. दूरशिक्षणात पुस्तक हाच तुमचा प्राध्यापक, हे प्रवेशाच्या दिवशी तेच लोक सांगतात. फीच्या पावतीवर 'अध्ययन साहित्य' असा वेगळा रकाना असतो आणि त्याचे पैसे आधी घेतात. मग त्या प्राध्यापकाचा कणा पहिल्याच घटकात मोडावा? सगळी पुस्तकं गोंदाच्या बाइंडिंगची. नवं पुस्तक टेबलावर उघडं राहत नाही, आपोआप मिटतं. हातानं दाबून धरलं की 'कट्' असा आवाज येतो आणि त्या जागी कायमची फट पडते. त्यात सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, बंद डिकीत त्याहून जास्त. तिथं तो गोंद आधी मऊ पडतो, रात्री परत कडक होतो, असं दोन-चारदा झालं की पानं पिंपळासारखी गळायला लागतात. हिवाळ्यात घेतलेलं पहिल्या सत्राचं पुस्तक बरं टिकलं होतं, त्यामुळे आधी मला वाटलं एखादी प्रत खराब निघाली असेल. तसं नाही. संपर्क सत्राला, म्हणजे केंद्रावरच्या तासांना, येणाऱ्या जवळपास सगळ्यांच्या पुस्तकांना रबरबँड आहेत.

शिवून घ्यावं म्हणून नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एका जुन्या बाइंडरकडे गेले. त्यांनी पुस्तक आडवं धरलं, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अक्का, ह्याला शिलाई कुठं मारू सांगा की. पाठच छाटून टाकलीय." मग नीट समजावून सांगितलं. चांगल्या पुस्तकात सोळा-सोळा पानांचे दुमडलेले फॉर्म असतात, त्या घडीतून दोरा जातो, म्हणून पुस्तक सपाट उघडतं. गोंदाच्या बाइंडिंगमध्ये घडीची कडा मशीननं कापून टाकतात म्हणजे गोंद धरायला जागा मिळते. घडी गेली की प्रत्येक पान सुटं. आता करायचं तर भोकं पाडून आडवी शिलाई मारायची, पण ती आतला समास खाते. आणि आमच्या पुस्तकांना आतला समास जवळजवळ नाहीच, कागद वाचवलाय ना! आता उजव्या पानावर ओळीचं पहिलं अक्षर शिलाईत जातं आणि डाव्या पानावर शेवटचं. एका पुस्तकाचे त्यांनी ६० रुपये घेतले. सत्राची सगळी पुस्तकं धरली तर एका चांगल्या सोलापुरी चादरीचे पैसे होतील. ते मी भरले, विद्यापीठानं नाही, हे इथं नोंदवून ठेवते.

अभ्यासकेंद्रात बदलून मागितलं तर खिडकीतले साहेब म्हणाले, "मॅडम, वापरलेलं पुस्तक परत घेत नाही." वापरल्याशिवाय फुटलेलं कळणार कसं, याला उत्तर नाही. ईमेल केला. 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे' एवढं आलं. पीडीएफ पोर्टलवर आहे, तोच छापून घ्या, असा सल्ला एका सहाध्यायीनं दिला. अहो, पण मग छापील संचाचे पैसे घेतले कशाचे? झेरॉक्सवाल्याकडे चारशे पानांचे पैसे मोजा आणि वर स्पायरल.

बाकी सेवेबद्दल थोडक्यात. प्रवेशासाठी हल्ली डीईबी आयडी (यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो, २०२४ पासून दूरशिक्षणाला तो सक्तीचा झाला आहे. त्याआधी एबीसी आयडी (आपले क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) काढावा लागतो, आणि तिथलं नाव आधार आणि बी.ए.च्या मार्कशीटशी जुळावं लागतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी महिनाभर आधी तयारीला लागा. संपर्क सत्रं रविवारी असतात. निम्म्या वेळा सर येतात, आले की चांगलं शिकवतात. निकाल उशिरा लागतो. इथंच विषय संपला.

आता मी पहिल्या सत्रानंतर काय म्हणत होते ते सांगते, कारण त्यातलं बरंचसं आता म्हणत नाही. मी मैत्रिणींना सांगत होते की हा अभ्यासक्रम फक्त पदवीला, डोक्याला नाही. प्राचीन भारत, मध्ययुगीन भारत, कारणे लिहा, परिणाम लिहा. शाळेचंच पुस्तक जाड करून दिल्यासारखं. मुलगी तर म्हणायची, "आई, तू परत दहावीला बसलीस का गं?"

मत फिरलं ते इतिहासलेखन आणि संशोधन पद्धतीच्या पेपरनं. सगळ्यांना तो नकोसा वाटतो. जर्मन इतिहासकार रांके, मार्क्सवादी, सबाल्टर्न (तळागाळातल्यांचा इतिहास लिहिणारे) अशी नावांची रांग लागते आणि लोक गाइड पाठ करतात. पण त्यात 'साधनांची चिकित्सा' नावाचा घटक आहे. कागद खरा आहे का हे कसं ओळखायचं, आणि खरा असला तरी लिहिणाऱ्याला काय लपवायचं होतं हे कसं शोधायचं. वीस वर्षं मी पावत्या आणि चलनं तपासत आले आहे. बिलावरची शाई आणि तारीख जुळत नसेल तर ते मला लांबूनच कळतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं कशासाठी गोळा करत होते हे तो घटक वाचल्यावर कुठं लक्षात आलं. तो घटक कुणी लिहिलाय माहीत नाही, पण ज्यानं लिहिलाय त्याला शिकवता येतं. भाषा साधी, उदाहरणं मराठी मुलखातली. (आणि नेमका हाच घटक शिलाईत सगळ्यात जास्त चेपलाय.)

त्या घटकात मराठीतल्या आद्य शिलालेखांचं उदाहरण आहे. श्रवणबेळगोळ, अक्षी, कुडल, यातला पहिला कुठला यावरचा वाद. हत्तरसंग कुडल आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना मिळतात तिथं. आम्ही तिथं दर्शनाला जातो, हरिहरेश्वराच्या देवळातलं शेकडो मुखांचं शिवलिंग बघतो, डबा खातो आणि परत येतो. संगमेश्वराच्या देवळातला तो लेख शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा. तो आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. सोलापूरचाच माणूस, आयुष्यभर गावोगावचे शिलालेख वाचत फिरला. लेखाचा शेवट असा की जो हे वाचेल तो विजयी होईल. परत गेले तेव्हा डबा गाडीतच राहिला. अक्षरं मला लागली नाहीत, पण दगडावरची तारीख हा पुरावा कसा ठरतो, नुसतं अक्षरांचं वळण बघून काळ का ठरवू नये, हे तिथं उभं राहून पुस्तकापेक्षा चांगलं समजलं. इतक्या पैशांत एवढं मिळत असेल तर फी वसूल, असं त्या दिवशी मी नवऱ्याला म्हणाले. त्याला आश्चर्य वाटलं, कारण फी वसूल हा शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही.

पण लगेच फार कौतुकही नको. तिसऱ्या सत्रात आधुनिक भारत आलं. सविनय कायदेभंगाच्या घटकात दांडी आहे, धारासना आहे, पेशावर आहे. आणि सोलापूर? एक वाक्य. 'सोलापूर येथे लष्करी कायदा पुकारण्यात आला.' संपलं! मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमलच शहरातून उठला, आणि १२ मे रोजी मार्शल लॉ लागला. पुढं मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. या चौघांच्या चार पुतळ्यापाशी रोज सिग्नलला थांबणाऱ्या माणसाला हे माहीत असतं. मराठीतून शिकवणाऱ्या, महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तकात मात्र एक ओळ, तीही कर्मणी प्रयोगात, म्हणजे कुणी पुकारला तेही नाही. संपर्क सत्रात सरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "ताई, परीक्षेत एवढंच येतं." ते बरोबरच होतं, पण मला आवडलं नाही. हीच ती पुस्तकाची जागा, जिथून पानं सुटली. बहुतेक लाजेनं सुटली असतील.

तरुण मुलांसाठी एक गोष्ट, कारण कारखान्यातल्या दोघा-तिघांनी विचारलं. दूरशिक्षणाची एम.ए. चालते का? विद्यापीठ आणि तो विशिष्ट अभ्यासक्रम यूजीसीच्या मान्यता यादीत त्या वर्षी असेल तर चालते. नियमित पदवीइतकीच ती ग्राह्य आहे हे यूजीसीनं २०२२ मध्ये परत स्पष्ट केलं आहे. यादी प्रवेशाआधी स्वतः बघा, एजंटच्या व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवू नका. नेट-सेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) द्यायची असेल तर एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. नुसतं पास होऊन भागणार नाही. गाइडवर पन्नाशी गाठता येते. पुढचे पाच टक्के मूळ पुस्तक वाचल्याशिवाय येत नाहीत, आणि मूळ पुस्तकाची अवस्था वर सांगितलीच आहे.

ज्यांना रेग्युलर करता येतं त्यांनी रेग्युलर करावं. सोलापुरात आता स्वतःचं विद्यापीठ आहे, २००४ पासून. आमच्या वेळी कागदोपत्री सगळं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे जायचं. ग्रंथालय, सेमिनार, बरोबरीची मुलं, हे घरी बसून मिळत नाही. मला जे जाणवतं ते म्हणजे वाद घालायला कुणी नाही. कुडलवरून मी कारखान्यात एकदा विषय काढला, तर सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, डिस्पॅचचं बघा आधी." बायकोमुलांतून, मशीनच्या घरघरीतून रात्री दहानंतर वाचणाऱ्यांसाठी मात्र हा एकच रस्ता आहे, आणि तो वाईट नाही.

चौथ्या सत्रात प्रकल्प आहे आणि सध्या माझं डोकं तिथं आहे. मार्गदर्शकांनी विषयांची यादी पाठवली: शिवकालीन प्रशासन, पेशवेकालीन न्यायव्यवस्था, अहिल्यादेवींचे कार्य. सगळे चांगले विषय, आणि सगळ्यांचे तयार प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. मला विडी कामगार बायकांवर करायचंय. आमच्या गल्लीत अजून दोन-तीन घरांत विड्या वळतात. त्यातल्या एका सत्तरीतल्या आजी तेलुगूत बोलतात, मध्येच मराठीत येतात, आणि सोलापूरजवळच्या कुंभारीच्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसाठी किती मोर्चे निघाले ते सांगतात. त्यांच्याकडे जुनी विडी कामगार पासबुकं जपून ठेवलेली आहेत, तारखांसकट, मालकाच्या सहीसकट. पद्धतीच्या पेपरात शिकवलं ते सगळं त्या एका पिशवीत आहे.

मार्गदर्शक म्हणाले, "लिखित साधनं कमी आहेत, अवघड जाईल." मी पासबुकांचे फोटो पाठवले. त्यावर अजून उत्तर नाही, निळी खूण मात्र आलीय. विषय नोंदवायची शेवटची तारीख शनिवारी आहे. त्यांचा होकार आला तर ठीक, नाहीतर फॉर्मवर मी विडी कामगारच लिहिणार आहे. आजींना रविवारी दुपारी येते म्हणून सांगून ठेवलंय.