‘द डर्ट’ की ‘लाइफ’?
मोट्ली क्रू या अमेरिकी रॉक बँडचे आत्मचरित्र ‘द डर्ट’ (२००१) आधी वाचावे की ‘रोलिंग स्टोन्स’ बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सचे ‘लाइफ’ (२०१०), असे एका मित्राने विचारले. खरेपणात मला पहिले उजवे वाटते, कारण बँडमधले चौघेही आळीपाळीने बोलतात आणि एकाने झाकलेले दुसरा उघडे पाडतो. ‘लाइफ’मध्ये रिचर्ड्सच्या बँडचा गायक मिक जॅगरवर ताशेरे भरपूर आहेत, जॅगर मात्र बोलत नाही. संगीताच्या बाबतीत पारडे फिरते. गिटारची सर्वांत जाड तार काढून उरलेल्या पाच ‘ओपन जी’त (बोटे न दाबताही जी कॉर्ड वाजेल अशा) लावल्यावर हाताला काय गवसले, हे रिचर्ड्स इतके उलगडून सांगतो की मी पुस्तक उपडे ठेवून गिटार उचलली. ‘द डर्ट’ दोन रात्रींत संपले (नशा आणि धिंगाणा भराभर वाचून होतो), ‘लाइफ’ला महिना लागला. बँड आतून कसा पोखरला जातो हे पाहायचे असेल त्याने ‘द डर्ट’ घ्यावे. स्वतः वाजवणाऱ्याने ‘लाइफ’.