सीआरचं कोष्टक: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळात डीएमिंग करणाऱ्यांसाठी, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यामुळे एसी (वार लागणं किती अवघड) आणि एचपी (अंगात जीव किती) यापलीकडे काही समजावत बसत नाही. बोलायचंय ते फक्त २०१४च्या डंजन मास्टर्स गाईडमधल्या, राक्षसाचा सीआर, म्हणजे तो किती भारी त्याचा आकडा, काढायच्या कोष्टकाबद्दल. आम्ही अजूनही त्याच नियमांवर खेळतो. तीन पुस्तकांचे पैसे एकदा मोजलेत, परत मोजायची माझी तयारी नाही.

कोष्टक चांगलं आहे, पण शेवटच्या पायरीवर घात करतं. राक्षसाच्या एचपी आणि एसीवरून बचावाचा सीआर काढा, डॅमेज आणि अटॅक बोनसवरून (वार करताना फाशात मिळवायचा आकडा) हल्ल्याचा सीआर काढा, इथपर्यंत उत्तम. पुढे पुस्तक सांगतं की दोन्हींची सरासरी काढा, तो तुमचा सीआर. या सरासरीवर माझा राग आहे आणि तो वर्षभरात कमी झालेला नाही.

आमचा खेळ घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, रविवारी संध्याकाळी. पोरं कॉलेजातली, सोसायटीतलीच. एकटी क्लेरिक खेळणारी मुलगी नेरूळहून ट्रान्स हार्बरनं येते. एका रविवारी मेगाब्लॉक होता, ती आली नाही. उरले तिघं, सगळे लेव्हल तीनचे. चार शॅडो, म्हणजे सावल्यांसारखे राक्षस, ठेवल्या होत्या, एक कमी केली आणि हिशेब परत मांडला. अर्ध्या सीआरची शॅडो १०० एक्सपीची (तिला हरवल्याचे गुण), तीन म्हणजे ३००, तीन ते सहा राक्षसांना दुपटीचा गुणक, झाले ६००. लेव्हल तीनच्या तिघांसाठी मध्यम लढत ४५०पासून, कठीण ६७५पासून. म्हणजे मध्यम. पुस्तकाच्या हिशेबानं कुणी मरायचं कारणच नाही.

पहिल्याच राऊंडमध्ये दोन शॅडो विझर्डला, म्हणजे जादूगाराला, लागल्या. शॅडोचा हात लागला की डॅमेज तर होतंच, वर चार बाजूंचा फासा टाकून तेवढी स्ट्रेंग्थ जाते. विझर्डची स्ट्रेंग्थ आठ. फासा पडला चार, दुसऱ्यांदा पुन्हा चार. त्या पोरानं शीटवर पेन्सिलनं आधीचा आकडा खोडला, शून्य लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. "काकू, पण माझे अजून सात एचपी आहेत!" होते ना. पण स्ट्रेंग्थ शून्य झाली की माणूस मरतो, जगण्यासाठी टाकायचा फासा, डेथ सेव्ह, तोसुद्धा मिळत नाही. लेव्हल एकपासून वाढवलेलं पात्र गेलं. पोरगा काही बोलला नाही, पण पुढचा अख्खा तास त्यानं फाशांना हात लावला नाही.

त्या रात्री घरी शॅडोचा सीआर स्वतः काढून बघितला. एचपी १६, रेझिस्टन्समुळे (बराचसा मार अर्धाच लागतो) दुप्पट धरायचे म्हणून ३२. बचाव एक अष्टमांश. डॅमेज सरासरी ९, म्हणजे हल्ला एक. दोघांची सरासरी अर्ध्याच्या आसपास, पुस्तकातही अर्धाच छापलाय. गणित तंतोतंत जुळलं, आणि त्यात स्ट्रेंग्थ शोषण्याला छदामही मोल नाही! जी गोष्ट माणूस मारते, तीच हिशेबाबाहेर.

मग ओगर घेतला. एचपी ५९ म्हणजे अर्धा सीआर, एसी ११ कोष्टकातल्या १३पेक्षा दोननं कमी म्हणून एक पायरी खाली, बचाव पाव. डॅमेज १३ म्हणजे एक, बोनस +६ असल्यानं एक पायरी वर, हल्ला दोन. सरासरी एकच्या जरा वर, म्हणजे एक. पुस्तकात छापलाय दोन. मग गॉब्लिन. एचपी अवघे ७, पण निंबल एस्केपमुळे (चपळाईनं निसटायची त्याची खुबी) एसी आणि बोनस दोन्हींत चार मिळवून धरायचे असा पुस्तकाचाच नियम आहे. तसं केलं तर बचावही एक येतो आणि हल्लाही एक. पुस्तकात छापलाय पाव! पुस्तकाच्याच पद्धतीनं ओगर आणि गॉब्लिन एका तोलाचे ठरतात. एवढ्या महागड्या पुस्तकाकडून ही अपेक्षा नव्हती.

तेव्हा मी कोष्टक बाजूला ठेवलं आणि नेटवरचे फुकट कॅल्क्युलेटर वापरायला लागले. ते छापील सीआरवरून एक्सपीची बेरीज करतात, म्हणजे आजार तोच, फक्त लवकर. असंच चाललं असतं तर हे लिहिलंही नसतं.

मत बदललं ते गिऱ्ह्यामुळे, म्हणजे पाण्यातल्या भुतामुळे. आमच्या कॅम्पेनमधलं गाव खाडीकाठी आहे, आणि पोरांनी आजीकडून ऐकलेला गिऱ्हा मला त्यात हवा होता. छापील राक्षस नाही, म्हणजे सगळं स्वतःच ठरवायचं. सीआर तीन हवा म्हणून कोष्टक पुन्हा उघडलं आणि दोन गिऱ्हे तयार केले. एकाचे एचपी १४०, एसी १५, राऊंडला डॅमेज १२, बोनस +३. बचाव पाच, हल्ला एक. दुसऱ्याचे एचपी ७५, एसी १३, डॅमेज ३५, बोनस +६. बचाव एक, हल्ला पाच. सरासरी दोन्हींची तीन. पहिला गिऱ्हा आमच्या पार्टीला सहा राऊंड तरी पुरतो आणि फारसं कुणाला लागत नाही. दुसरा तीन राऊंडांत संपतो, पण त्याआधी लेव्हल तीनच्या फायटरलाही एका राऊंडमध्ये आडवा करतो.

हे दोन आकडे शेजारी लिहिलेले दिसले आणि माझ्या कामाचं उत्तर तिथेच होतं. बचावाचा सीआर सांगतो लढत किती वेळ चालेल, हल्ल्याचा सीआर सांगतो कोण मरेल. मला दोन्ही वेगवेगळे हवे असतात. आमचं क्लबहाऊस नऊला बंद होतं, वॉचमनकाका पावणेनऊलाच दारात येऊन उभे राहतात, आणि आमच्या टेबलावर एक राऊंड म्हणजे पाव तास. सहा राऊंडांची लढत साडेसातनंतर काढायचीच नाही, हे आता मला आधीच कळतं.

त्यामुळे माझ्या वहीत आता सीआर तीन असं लिहिलेलं नसतं. पाच-एक किंवा एक-पाच असं असतं. हल्ल्याच्या सीआरचा डॅमेज काढायचा आणि पार्टीत सगळ्यांत कमी एचपी ज्याचे आहेत त्याच्याशी ताडून बघायचा. त्याच्यापेक्षा जास्त असेल तर डॅमेज कापायचा किंवा तो दोन जणांत वाटला जाईल असा हल्ला द्यायचा. हे सुरू केल्यापासून लढतीचा अंदाज इतका नेमका येतो की नेरूळची मुलगी आता गाडी बघून निघते, लढत अर्धवट टाकून नाही. यासाठी मी या कोष्टकाला पाचपैकी चार देईन. शेवटची सरासरीची ओळ नसती तर पाच.

कोष्टकावर कितीही विश्वास बसला तरी तीन राक्षसांच्या बाबतीत आकड्याकडे बघू नका, स्टॅट ब्लॉक, म्हणजे राक्षसाच्या माहितीची चौकट, शब्दन् शब्द वाचा. शॅडो वर सांगितलीच. बॅन्शी सीआर चारची, पण तिच्या किंकाळीला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) चुकला की थेट शून्य एचपी. इंटलेक्ट डिव्हावरर सीआर दोनचा, एचपी फक्त २१, आणि कमी इंटेलिजन्सच्या बार्बेरियनला एका वारात सुन्न करून खेळाबाहेर काढतो.

नव्यानं घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. २०२४च्या गाईडमध्ये हे कोष्टक नाहीच. तिथे आहे त्या राक्षसात किरकोळ बदल कसे करायचे एवढंच दिलंय, आणि जास्त राक्षसांसाठीचा गुणकही काढून टाकलाय. गुणक गेल्याचं मला दुःख नाही, त्या गुणाकारात वेळ जायचा. पण स्वतःचे राक्षस बनवणार असाल तर २०१४चीच प्रत शोधा. सेकंडहँड मिळते आणि पैसेही वाचतात. फक्त घेताना २७४वं पान जागेवर आहे ना, ते उघडून बघा.