इंग्लंडमधील डिस्ट्रिक्ट नर्स सेवा : काम चोख, व्यवस्थेची मात्र काळजी वाटते

सासूबाईंच्या पायावरची जखम भरत नव्हती, तेव्हा जीपीने (फॅमिली डॉक्टरने) त्यांचे नाव डिस्ट्रिक्ट नर्सकडे, म्हणजे घरी येऊन उपचार करणाऱ्या नर्सकडे, पाठवले. एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) या घरपोच सेवेतील नर्सच्या कामाबद्दल तक्रारीला जागा नाही. कॉम्प्रेशन बँडेज (पायावर दाब देणारी घट्ट पट्टी) बांधण्यापूर्वी घोट्याचा घेर मोजणे, जखमेची लांबी-रुंदी कागदी पट्टीने मोजून घरी ठेवलेल्या फाइलमध्ये लिहिणे आणि आदल्या वेळची नोंद वाचल्याखेरीज ड्रेसिंगला हात न लावणे, ही शिस्त पहिल्या दिवसापासून दिसली. सासूबाईंना इंग्रजी बेताचेच येते. तरी नेहमीच्या नर्सला त्यांच्या चेहऱ्यावरून दुखणे ओळखता येऊ लागले होते.

पुढे आमच्या भागातील या सेवेचे कंत्राट दुसऱ्या संस्थेकडे गेले. नर्स बहुतेक त्याच राहिल्या, पण त्यांच्या फेऱ्या नव्याने आखल्या गेल्या, जुनी फाइल परत नेण्यात आली आणि नव्या संगणकप्रणालीत मागच्या नोंदी काही काळ दिसतच नव्हत्या. दर वेळी वेगळी नर्स येई आणि जखमेचा सगळा इतिहास आम्हाला तोंडी सांगावा लागे. बँडेज कोणी मागवायचे, जीपीने की नर्सने, याचा निकाल लागेपर्यंत साध्या पट्टीवर भागवावे लागले. भरत आलेली जखम त्या काळात पुन्हा ओली झाली.

या अनुभवाचे मूळ बरेच मागे आहे. पूर्वी प्रायमरी केअर ट्रस्ट या एनएचएसच्या स्थानिक संस्था सेवा ठरवून खरेदीही करत असत आणि स्वतः पुरवतही असत. खरेदीदाराने आपल्याच माणसांना झुकते माप देऊ नये, या हेतूने 2009 पासून ही दोन कामे वेगळी करण्यात आली. हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्यातून घरपोच सेवा कोठे रुग्णालयांच्या ट्रस्टकडे, कोठे सामाजिक उपक्रमांकडे, तर कोठे खासगी कंपन्यांकडे गेल्या, आणि 2012 च्या आरोग्य व सामाजिक सेवा कायद्याने स्पर्धेला आणखी बळ दिले. 2024 च्या जानेवारीपासून लागू झालेल्या नियमांनी प्रत्येक वेळी निविदा काढण्याची सक्ती सैल केली, हे मला योग्य दिशेचे पाऊल वाटते.

खरी अडचण पैशाच्या रचनेत आहे. घरपोच सेवांना बहुतेक ठिकाणी वर्षाची ठरावीक रक्कम मिळते. रुग्ण वाढले तरी ती आपोआप वाढत नाही, त्यामुळे ताण शेवटी नर्सच्या दिवसावर येतो. त्यातच नर्सने किती भेटी दिल्या हे मोजणे सोपे, आणि तीच नर्स सलग आल्याने जखम लवकर भरली हे मोजणे अवघड. जे मोजता येत नाही, ते करारात उतरत नाही. जुलै 2025 च्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत उपचार रुग्णालयातून घराजवळ आणण्याचे वचन आहे, मात्र आता सेवा खरेदी करणाऱ्या एनएचएसच्या ज्या स्थानिक मंडळांनी (तेव्हा 42) हे करार बारकाईने लिहायचे, त्यांनाच त्याच वर्षी प्रशासकीय खर्च निम्म्यावर आणण्यास सांगण्यात आले. याची मला सर्वाधिक धास्ती वाटते.

नोंदींचे हस्तांतर पूर्ण झाल्याशिवाय जुने कंत्राट संपू नये, आणि दीर्घकाळच्या प्रत्येक रुग्णासाठी एक जबाबदार नर्स नावानिशी ठरलेली असावी, या दोन अटी प्रत्येक करारात हव्यात. घरी रुग्ण असलेल्यांनी ही सेवा निःशंकपणे घ्यावी. फक्त पुरवठादार बदलणार असे पत्र आले, तर फाइल परत जाण्यापूर्वी तिच्या प्रती जरूर मागून घ्याव्यात.