पुठ्ठ्याची व्हॅलेंटाइन पत्रपेटी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

१४ फेब्रुवारीसाठी जिल्हा परिषद शाळेतल्या चौथीच्या वर्गात दोन पेट्या केल्या होत्या. एक बुटाच्या खोक्याची, दुसरी संत्र्याच्या पाच प्लायच्या (पाच थरांच्या) खोक्याची. अमेरिकेतल्या शाळांत त्या दिवशी मुलं अशाच पेट्यांतून एकमेकांना कार्डं देतात. इथे तो दिवस सरला तरी पेट्या वर्गातच राहिल्या. आता ऑक्टोबर लागलाय. संत्र्याची पेटी ठणठणीत आहे, बुटाची जुलैतच गेली.

फरक पुठ्ठ्याच्या जाडीचा तर आहेच, पण खरी चूक चिकटवण्यात झाली. बुटाच्या खोक्याचा वरचा कागद गुळगुळीत असतो, त्यावर खळ धरत नाही. पावसाळी हवा लागताच अख्खं आवरण सालीसारखं निघून आलं. आधी काचपेपर घासून चकाकी काढायला हवी होती. संत्र्याच्या खोक्याला हवेची भोकं असतात, ती आतून पुठ्ठ्याचे तुकडे लावून बुजवली. खोकं उभं करताना पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या येतील असं पाहावं. आडव्या आल्या तर वजनाने भिंती बसतात.

खळीचं प्रमाण: ५० ग्रॅम मैदा, २५० मिली पाणी. मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायचं. कीड लागू नये म्हणून बाइंडिंगवाले त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, मुलांचे हात लागणार असतील तर घालू नये. तेव्हा खळीऐवजी दोन भाग फेविकॉल आणि एक भाग पाणी वापरावं.

कागद फक्त बाहेरून लावला तर वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला ओढून वाकवतो. म्हणून आतूनही वर्तमानपत्राचा एक थर द्यायचा आणि पेटी पूर्ण वाळेपर्यंत आत रद्दी ठासून ठेवायची. एवढ्या एका गोष्टीने पेटी काटकोनात राहते.

पोस्टकार्ड १४ × ९ सेंमी असतं, पण मुलांची कार्डं लेस-टिकल्यांनी फुगलेली असतात. म्हणून फट १६ × २ सेंमीची हवी. तिचा पुठ्ठा कापून टाकू नये. तीन बाजूंनी कापून आत तिरका दुमडावा, म्हणजे पत्र घसरत खाली जातं. फटीच्या कडा सगळ्यात आधी फाटतात, त्यांवर जुन्या सुती धोतराची पट्टी फेविकॉलने बसवावी. मागच्या दाराची बिजागरीही त्याच कापडाची, आतून आणि बाहेरून. सेलोटेपची बिजागरी एप्रिलच्या उन्हात पिवळी पडून सुटली. नुसता दुमडलेला पुठ्ठा रोजच्या उघडझापीने चिरतो. बंद करायला शर्टाचं बटण आणि दोरा पुरतो.

सजावटीत पतंगी कागदाने पार निराशा केली. दमट हवेत त्याचा लाल रंग सुटला आणि फटीजवळच्या पत्रांवर गुलाबी डाग पडले. ग्लू गनने लावलेली बदामं टिनाच्या छपराखाली मऊ पडून घसरली. पळसाची फुलं लावायचा मोह फेब्रुवारीत होतोच, पण ती वाळून काळी पडतात. टिकलं ते शिवलेलं: लाल कापडाची बदामं, सुईदोऱ्याने पुठ्ठ्यालाच टाके घालून. पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी आणलेल्या ऑइल पेंटमधला उरलेला लाल रंग बाहेरून दोन हात दिला, तेव्हापासून ओल शिरली नाही. हा रंग पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता.

२८ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने प्रत्येकाला लिहिलं तर ७५६ पत्रं होतात, कुठलीच पेटी पुरणार नाही. नावांच्या चिठ्ठ्या काढून एकाने एकालाच लिहावं. कोणी रिकाम्या हाती राहत नाही, आणि ते फार महत्त्वाचं आहे.

पेटी जमिनीवर ठेवू नये, वाळवी लागते. दोन विटा, त्यांवर प्लास्टिकचा तुकडा, भिंतीपासून चार बोटं दूर. दर शनिवारी पत्रं काढली की तळाला हात लावून पाहावा. ओलसर लागला तर त्याच दिवशी दार उघडं ठेवून सावलीत वाळवावी.