प्रिंगल की विंगेट : पुणे जिल्ह्याच्या दोन मोजण्या

पुणे जिल्ह्यातील शेतसारा ठरवताना ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी पीक व खर्च मांडून निव्वळ उत्पन्न काढले आणि त्याचे ५५ टक्के सरकारचे धरले; सूत्र नेमके, पण मूळ आकडेच फसवे असल्याने कुळे जमिनी टाकून परागंदा झाली. पुढे १८३५ च्या सुमारास विंगेट व गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापुरात हा हिशेबच सोडला. मातीचा रंग व खोली पाहायची, चुनखडी आढळली तर जमिनीची प्रत (दर्जा) उतरवायची आणि शेत सोळा आणे (सर्वांत उत्तम) ते दोन आणे अशा नऊ प्रतींत बसवून सारा ३० वर्षांसाठी कायम करायचा, अशी ही पद्धत होती. सुलभीकरण दोन्हीकडे होतेच. तरी दुसरी पद्धत मला उजवी वाटते, कारण तिचे निकष निदान बांधावर उभे राहून तपासता येत. वर्षागणिक बदलणारा पाऊस मात्र त्या तक्त्यात कुठेच नव्हता.